ओठांचा उजवा कोपरा

पाथरवट दगडावर अक्षरं कोरायचा आणि कोरलेल्या प्रत्येक अक्षरावर फुंकर घालायचा. छिन्नीनं एक रेघ खोदली की तोंड दगडाजवळ न्यायचं, खाचेतली भुकटी फुंकून काढायची, एक डोळा बारीक करून धार बघायची आणि मग पुढची रेघ. घरांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, गेलेल्या माणसांच्या नावाचे दगड, सगळं या फुंकरीवर चालायचं. कुणी ब्रश वापरायला सांगितलं तर तो म्हणायचा, ब्रशनं धूळ निघते, फुंकरीनं अक्षर दिसतं.

दगडावर अक्षरं आखायची त्याची बायको. सगळी वस्ती तिला पाथरवटीण म्हणायची, आणि तिला ते आवडायचं, कारण अर्धं काम तिचं होतं. ती पेन्सिलीनं आखायची, तो खोदायचा, मग ती बारीक कुंचल्यानं खाचांत काळा रंग भरायची. दोघं लग्नापासून एकाच दगडावर वाकलेली. भांडणंही तिथंच. वेलांटी जरा जास्त वळली की तो म्हणायचा, "अगं, ही वेलांटी आहे की आकडेबाज मिशी?" आणि ती म्हणायची, "तुमचा हात वळत नाही म्हणून माझ्या वेलांटीला नावं ठेवू नका. नाचता येईना, अंगण वाकडं!"

आता जन्मभर फुंकलेली भुकटी जाते कुठे? थोडी जमिनीवर, थोडी भुवयांवर, आणि उरलेली पुढच्या श्वासाबरोबर आत. हे कळायला डॉक्टर लागत नाही. पटायला मात्र लागतो. शिवाय पाथरवटाला सिगारेटची सवय. कामाच्या मधल्या वेळात छातीला विश्रांती म्हणून तो धूर द्यायचा. खोकला सुरू झाला तेव्हा त्यानं थंडीला दोष दिला, थंडी सरली तेव्हा पंख्याला. शेवटी जिना चढताना तो अर्ध्यावर थांबून भिंतीचा रंग निरखायला लागला. भिंतीला रंग द्यायला हवा, असं म्हणत तो तिथं बराच वेळ उभा राहायचा. तेव्हा पाथरवटीण त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं फुंकायची तपासणी होती. नाकाला चिमटा, तोंडात जाड नळी, आणि समोर एक तरुण मुलगी, जिचा आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा होता. "फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, सोडू नका, अजून!" पाथरवटानं चिमटा काढला आणि धापा टाकत म्हणाला, "बाई, तुमचं ओरडणं ऐकूनच माझा दम गेला." मुलगी हसली, पाथरवटीण हसली, आणि पडद्यावरची रेघ काही वर चढली नाही.

छातीचे डॉक्टर वयानं मोठे होते, हळू बोलायचे. फुप्फुसं निम्म्याहून कमी चालतात, म्हणाले. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळायचं. सिगारेट आजपासून बंद, दगड ओला करून कोरायचा, तोंडाला मास्क, आणि फुंकर तर अजिबात नाही. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "अजून एक गोष्ट. ज्यांची फुप्फुसं अशी कमी पडतात, त्यांना पक्षाघाताचाही धोका इतरांपेक्षा जास्त असतो."

"म्हणजे गुन्हा छातीचा आणि शिक्षा डोक्याला?" पाथरवट म्हणाला. "हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं, डॉक्टर."

"चोर आणि संन्यासी एकाच घरात राहतात हो," डॉक्टर म्हणाले. "जो धूर छातीत जातो तोच रक्तवाहिन्याही खराब करतो. फुप्फुसांची सूज एका जागी बसत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. मेंदूला प्राणवायू कमी पोचतो. नेमकं कशानं किती होतं ते अजून आम्हालाही सगळं कळलेलं नाही. पण होतं, एवढं दिसतं. तेव्हा तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर वाट बघायची नाही. तडक इथं यायचं."

पाथरवटीण सगळं कान देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "मग डॉक्टर, फुप्फुसं नीट सांभाळली, तर तो दुसरा धोका टळेल ना?"

"कमी होईल," डॉक्टर म्हणाले. "सिगारेट सोडली, रक्तदाब सांभाळला, तर नक्कीच कमी होईल."

कमी होईल, असं ते म्हणाले. टळेल, असं तिनं ऐकलं. त्यात तिची काय चूक म्हणा. माणूस दवाखान्यातून घरी जाताना आशेएवढंच ओझं उचलू शकतो.

डॉक्टरांनी घरी वापरायला एक प्लास्टिकची नळी दिली. नळीत एक छोटा काटा, बाजूला तीन रंगांच्या पट्ट्या. रोज सकाळी ओठ घट्ट मिटून एक जोरदार फुंकर मारायची, काटा वर सरकतो. हिरव्यात थांबला तर ठीक. पिवळ्यात थांबला तर औषधाचा पंप द्यायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. लाल म्हणजे दवाखाना. पाथरवटाचा हिरवा पट्टा म्हणजे धडधाकट माणसाच्या निम्मासुद्धा नव्हता. डॉक्टरांनी तो त्याच्यापुरता खाली आखून दिला होता. पण हिरवा तो हिरवा.

ती नळी घरात आली आणि घराची देवता झाली. पाथरवटीण एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागली. सकाळचा चहा नळीनंतर, त्याआधी घोटभरही नाही. तिनं त्याची सिगारेट सोडवली. कशी सोडवली ते त्या दोघांनाच ठाऊक, पण महिनाभर त्या घरातून भांड्यांचे आवाज जरा जास्तच येत होते. दगडावर पाणी मारायला तिनं बागेतली झारी आणली. मास्क मात्र त्याच्या गळ्यातला ताईत होऊन बसला. नाकावर चढायचा तो फक्त ती समोर आली की.

आणि फुंकर? फुंकर त्यानं सोडली नाही. ती पाठमोरी झाली की तो हळूच वाकायचा. तिला ते ऐकू यायचं. इतक्या वर्षांत त्याच्या हातोडीचा ठेका तिच्या अंगात मुरला होता. ठक, ठक, ठक, मग क्षणभर शांतता, ती फुंकरीची. ती तिकडून ओरडायची, "अहो!" आणि तो म्हणायचा, "खोकलो गं."

त्यांना एकच लेक. ती मोटार चालवायला शिकवायची. डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी लावलेल्या गाडीत दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसायची, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. बापासारखी हसरी, आईसारखी हट्टी. गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायची. आली की बाप तिच्यासमोर नळी फुंकून दाखवायचा, एखाद्या पहिलवानानं दंड फुगवून दाखवावा तसा. "बघ, तुझ्या आईनं मला पुन्हा तरणाबांड केलंय." लेक टाळ्या वाजवायची.

पक्षाघाताचं मात्र दोघांनी तिला सांगितलं नव्हतं. पोरीच्या जिवाला उगाच घोर कशाला, असं पाथरवट म्हणाला होता. आणि पाथरवटीण म्हणाली होती, "काटा हिरव्यात आहे तोवर कसला आलाय घोर?" असं म्हणता म्हणता तिला ते खरंच वाटायला लागलं. डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं, फुप्फुसं कमी तर धोका जास्त. मग काटा वर तर धोका दूर. तिच्या मनात त्या दोन गोष्टींची एकच गोष्ट झाली. सकाळी काटा हिरव्यात चढला की तिला वाटायचं, आज याच्या छातीलाही काही होणार नाही आणि डोक्यालाही. मग ती निर्धास्त होऊन रंग कालवायला बसायची.

त्या सकाळी पाथरवट उशिरा उठला. खिडकीतून उजेड थेट अंथरुणावर आला होता. तो पलंगाच्या काठावर बसून राहिला, पायात चपला सरकवायला त्याला जरा वेळ लागला.

"झोप झाली नाही वाटतं?" तिनं विचारलं.

"झाली. उजव्या कुशीवर झोपलो, गाल बधिर झालाय." बोलणं थोडं जाड होतं, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. उठल्या उठल्या तो असंच बोलायचा, निदान तिला तसं वाटलं.

तिनं नळी पुढं केली. त्यानं श्वास भरला, फुंकलं, आणि काटा जागचा जेमतेम हलला. लालच्याही तळाशी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, नीट फुंका ना!" त्यानं पुन्हा फुंकलं. फस्स असा आवाज झाला. या वेळी तिनं नळीकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सगळी हवा बाहेर निसटत होती.

"ओठ मिटा घट्ट," ती म्हणाली.

"मिटलेत की."

"मिटलेले नाहीत. इथून हवा जातेय." आणि तिनं आपला अंगठा त्याच्या ओठांच्या त्या कोपऱ्यावर दाबून धरला. ओठ गार लागला, आणि सैल. एक क्षण तिच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं. तोंड वाकडं झालं तर, असं कुणीतरी चष्मा पुसत म्हणालं होतं. पण तेवढ्यात त्यानं तिसऱ्यांदा फुंकलं. अंगठा होताच. हवा सगळी नळीत गेली आणि काटा सरसर वर चढून हिरव्यात जाऊन थांबला. रोजच्यापेक्षा चिमूटभर वरच.

त्याचा चेहरा उजळला. "बघितलंस? अजून दम आहे म्हाताऱ्यात!"

तीही हसली. तिनं नळी पुसून जागेवर ठेवली आणि मनातलं ते चमकणं काट्याखाली झाकून टाकलं. काटा हिरव्यात होता. हिरव्यात असताना काही होत नाही. तिनं त्याला चहा दिला. तो पिताना थोडा शर्टावर सांडला, तेव्हा तिनं फडक्यानं पुसला आणि म्हणाली, "लहान मूल झालंय नुसतं."

सकाळभर तो कामावर होता. एका शाळेची कोनशिला होती, मोठी, बऱ्याच ओळींची. ती पुढच्या खोलीत एका पाटीत रंग भरत होती आणि ठेका ऐकत होती. ठेका मंद होता. शिवाय त्यातली फुंकरीची शांतता आज नव्हती. ती मनात म्हणाली, ऐकलं शेवटी माझं. तिला बरंसुद्धा वाटलं.

जेवायला तो उठला नाही, भूक नाही म्हणाला. दुपार कलायला लागली तेव्हा हातोडी फरशीवर पडली. मग छिन्नी. मग काहीच नाही.

ती धावत आत गेली. पाथरवट दगडाला टेकून जमिनीवर बसला होता. उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला होता. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि काहीतरी सांगत होता, पण त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. आणि आपण सांगतोय ते हिला कळत नाही, हे त्याला कळत होतं. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

तिनं लेकीला फोन केला. लेक तेव्हा जवळच एका बाईला चढावर गाडी उभी करायला शिकवत होती. त्या बाईला तिनं भर रस्त्यात उतरवलं आणि पाच-सहा गल्ल्या उडवत घरासमोर आली. शेजारच्या शिंप्यानं आणि तिनं मिळून बापाला मागच्या सीटवर ठेवलं, पाथरवटीण त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि 'शिकाऊ' पाटीची ती गाडी अशी सुटली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. सिग्नलला एक टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, आधी शिका, मग पळवा!" लेकीनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"आई, कधी झालं हे?"

"आत्ता. आत्ताच. काम करता करता."

"बाबा, मी आहे बरं का. पोचलोच आपण," लेक आरशातून म्हणत राहिली.

मोठ्या दवाखान्यात सगळं भराभर झालं. ढकलगाडी, सुया, डोक्याचा फोटो. मग एक तरुण डॉक्टर आली. डोळे जागरणानं लाल, पण बोलणं स्वच्छ. तिनं दोघींना पलंगाजवळच उभं करून सांगितलं, "मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं औषध आमच्याकडे आहे. पण ते सुरुवात झाल्यापासून ठरावीक तासांच्या आतच देता येतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून नीट आठवून सांगा. ते शेवटचे अगदी ठणठणीत कधी होते?"

"दुपारपर्यंत," लेक म्हणाली. "कामच करत होते. हो ना, आई?"

"हो," पाथरवटीण म्हणाली. "सकाळी मी फुंकून घेतलं होतं. काटा हिरव्यात होता."

डॉक्टर मुलीनं मान डोलावली. "म्हणजे वेळ आहे अजून." ती नर्सकडे वळून औषधाचं सांगायला लागली. लेकीनं आईचा हात घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा रंग आला होता. "मिळेल औषध, आई. वेळेत आणलं आपण."

पाथरवटीण नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या नाकाला नळ्या लावल्या होत्या, डोळे मिटलेले होते. श्वास आत जाताना गाल आत जायचा आणि बाहेर येताना ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून फस्स करून हवा निसटायची. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तोच कोपरा, तोच आवाज. फक्त आता त्यावर कुणाचा अंगठा नव्हता.

हे दुपारी सुरू झालेलं नव्हतं. तो उठला तेव्हाच सुरू झालं होतं, कदाचित झोपेतच. आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं. ती गप्प राहिली तर औषध मिळणार होतं. कुणाला कधी कळणार नव्हतं, लेकीला नाही, डॉक्टरला नाही. कदाचित तो बरा होईल, पुन्हा तिच्या वेलांटीला नावं ठेवील. आणि कदाचित तेच औषध त्याच्या डोक्यात रक्त सांडेल, आणि तेही तिच्याच एका 'हो'मुळे. बोललं तर औषध गेलं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तिला वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं हे ठरवावं. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

नर्स ट्रे घेऊन आली.

"डॉक्टर, थांबा," पाथरवटीण म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "थांबा. सकाळीच होतं हे."

"काय होतं सकाळी?"

"तोंडाचा हा कोपरा. सैल होता. हवा जात होती इथून, काटा चढेना. मग मी..." तिनं अंगठा वर केला, जणू तोच पुरावा होता. "मी दाबून धरला. तेव्हा चढला. बोलणंही जड होतं. चहा सांडला."

तरुण डॉक्टरनं नर्सला हातानं थांबवलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेली. ती परत आली तेव्हा ट्रे नव्हता.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आता ते औषध देणं फार धोक्याचं आहे. बाकी जे जे करता येईल ते सगळं करतो आपण."

"आणि औषध न दिल्यानं?" लेकीनं विचारलं.

"ते आत्ताच सांगता येणार नाही."

"आणि सकाळी आणलं असतं तर?"

डॉक्टर मुलगी नवीन होती. खोटं बोलायला अजून शिकली नव्हती. "सकाळी लगेच आणलं असतं तर विचार करता आला असता," ती म्हणाली. "झोपेत झालं असेल तर तेव्हाही नक्की नाही. पण विचार करता आला असता."

लेकीनं आईचा हात सोडला. तो तिनं कधी सोडला, ते पाथरवटिणीला कळलंसुद्धा नाही. फक्त हात एकदम गार पडला.

पाथरवट आठवडाभर होता. शुद्ध यायची, जायची. एकदा त्यानं डाव्या हातानं पांघरुणावर काहीतरी रेघा मारल्या. पाथरवटिणीला वाटलं अक्षरं असतील. तिनं आयुष्यभर त्याच्यासाठी अक्षरं आखली होती, पण ही तिला वाचता आली नाहीत. मग गिळताना घास चुकीच्या वाटेनं गेला आणि छातीत संसर्ग झाला. धडधाकट फुप्फुसं कदाचित त्यातून निभावून गेली असती. याची आधीच निम्मी नव्हती. छातीचे हळू बोलणारे डॉक्टर एकदा येऊन गेले, पाथरवटिणीच्या खांद्यावर हात ठेवला. दोन्ही धोके हातात हात घालून आले होते. ते वेगळे मानले, ती तिची चूक होती का? नाही, उलट. तिनं ते एकच मानले होते. एकाची राखण केली की दुसऱ्याचीही होते, असं तिला वाटलं होतं. रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून तिनं एक दार राखलं, आणि मृत्यू त्याच दारावर तिचा अंगठा ठेवून आत आला.

तो गेला ती वेळ सकाळची होती. लोक आले, गेले. शेजारच्या शिंप्यानं सगळी धावपळ केली. शाळेच्या माणसांनी कोनशिलेचं काय म्हणून हळूच विचारलं आणि स्वतःच ओशाळून गेले. लेक सगळं करत होती. पाणी आणणं, माणसांना बसवणं, कागदांवर सह्या. आईशी ती गरजेपुरतं बोलत होती, आणि ते गरजेपुरतंही फार गोड बोलत होती. पाथरवटिणीला तेच सोसत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

सगळे पांगल्यावर दोघी दवाखान्यात राहिलेलं सामान आणायला गेल्या. त्याचा चष्मा, चपला, एक स्वेटर. परत येताना लेकीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोरून शाळेतली पोरं दंगा करत जात होती. ती गेली तरी लेक काचेतून समोरच बघत राहिली.

"आई, एकच विचारते. रागावून नाही विचारत."

"विचार."

"तुला सकाळी काहीच वाटलं नाही? खरंच?"

तिला नाही म्हणता आलं असतं. म्हातारी बाई, अडाणी बाई, काट्यावर विसंबली, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलंच होतं. लेकीनंही तेच मानलं असतं, आणि दोघींचं पुढचं आयुष्य जरा सोपं गेलं असतं. डॉक्टरांना खरं सांगताना तिनं निदान त्याचा जीव डोळ्यांसमोर ठेवला होता. आता वाचवायला कुणीच नव्हतं.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "अंगठा लावला तेव्हाच वाटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं आम्हाला, तोंड वाकडं झालं तर थांबू नका. तुला नाही सांगितलं ते. मला आठवलं. अगदी तेव्हाच आठवलं. पण काटा वर गेला आणि तुझे बाबा इतके खूश झाले. म्हणाले, अजून दम आहे म्हाताऱ्यात. किती दिवसांनी असे हसले होते गं. त्या हसण्यावर विरजण घालवेना मला. म्हटलं, चहा होऊ दे. मग म्हटलं, काम करतायत की. मग म्हटलं, आता दुपारी बघू."

लेक स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. पाथरवटीण तिच्याकडे सरकली आणि तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

लेकीनं तो खांद्यानं झटकला.

ती बराच वेळ रडली. आई शेजारी बसून होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.